जुन्नरच्या बागा

जुन्नरास जाणारा प्रवासी प्रथम शिवनेरीकडे वळतो, हें योग्यच आहे. १६३० सालीं ज्या किल्ल्यावर शिवछत्रपतींचा जन्म झाला, त्याच्यापुढें दुसरें कांहीं नजरेंत भरूं नये, यांत नवल तें काय? परंतु किल्ल्यावरून खालीं दृष्टि टाकली म्हणजे कुकडीच्या कांठची जी हिरवी भूमि दिसते, तिलाहि स्वतःचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ लेण्यांतच सांपडतो. नाणेघाटानें कोंकणांत उतरणाऱ्या व्यापारामुळें जुन्नर भरभराटीस आलें, आणि सभोंवारच्या डोंगरांत लेण्यांचे समूह कोरले गेले. मानमोडीच्या एका लेखांत आदुथुम नांवाच्या शकानें धर्मार्थ दिलेल्या जमिनीची नोंद आहे. तींत निवर्तनांच्या हिशेबाबरोबर करंज व वड या झाडांचीं नांवें येतात.

पुढें १४९० त मलिक अहमदानें निजामशाही स्थापिली ती जुन्नराहूनच. अहमदनगर मागाहून वसलें. त्या मुसलमानी अमदानीची आठवण शहराच्या पूर्वेस हापूसबाग या गांवीं राहिली आहे. नांव ऐकून आंबा आठवतो. पण तें ‘हबशी बाग’ याचें अपभ्रष्ट रूप असल्याचें सांगतात. तेथील सौदागर घुमट अद्याप उभा आहे; ज्या बागेनें गांवास नांव दिलें ती मात्र नाहींशी झाली.

तिसरी बाग हिवऱ्याची. दापोडीच्या सरकारी वनस्पतिबागेचे प्रमुख डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत ती चालविली. शोभेपेक्षां उपयोगाकडे त्यांचें लक्ष अधिक. सरकारी दवाखान्यांसाठीं खुरासनी ओव्यासारख्या औषधी वनस्पति तेथें वाढविल्या जात. १८४७ त गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले कीं झरे आटतात, हें त्यांनीं सरकारास निक्षून कळविलें होतें. १८६१ सालीं डाल्झेल यांच्यासह त्यांनीं ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६७ त ते निवर्तले.

दगडी घुमट शतकानुशतकें उभा राहतो. बागेस प्रत्येक पिढीनें नव्यानें पाणी घालावें लागतें. आज कुकडीवर माणिकडोहाचें धरण आहे आणि तालुक्यांत द्राक्षांचे मळे पिकतात. तथापि तें पाणी येतें सह्याद्रीच्या माथ्यावरून, आणि तेथील रान राखलें तरच खालची हिरवळ टिकेल. शिवनेरीवरून उतरतांना प्रवाशानें एवढें ध्यानांत घेतलें, तरी जुन्नर पाहिल्याचें सार्थक होईल.