रक्त: ताटात की शेतात?

अमेरिकेतल्या बागकामाच्या दुकानांत 'ब्लड मील' नावाची पिशवी सहज मिळते. आत असते कत्तलखान्यातल्या रक्ताची वाळवलेली पूड, झाडांना घालायचं खत. त्यात साधारण 12 टक्के नायट्रोजन असतो. आता हाच आकडा आहाराच्या भाषेत वाचा. हा नायट्रोजन येतो प्रथिनांमधून, म्हणजे पिशवीतला जवळपास तीन चतुर्थांश माल प्रथिनंच आहे. मग ते माणसाच्या ताटात न जाता झाडाच्या मुळाशी कसं गेलं?

त्यासाठी शिकागोला जावं लागेल. 1865 साली तिथे युनियन स्टॉक यार्ड्स हा प्रचंड गुरांचा बाजार सुरू झाला. आसपासच्या कत्तलखान्यांचं रक्त आणि आतडी नदीच्या एका फाट्यात जायची. ती कुजून इतके बुडबुडे यायचे, की त्या फाट्याचं नावच 'बबली क्रीक' पडलं. पुढे आर्मरसारख्या बड्या कंपन्यांनी रक्त वाळवून खत म्हणून विकायला सुरुवात केली. फेकायच्या वस्तूचे पैसे झाले. तिथल्या कामगारांत पोलिश लोक बरेच होते. रक्त आणि धान्य घालून केलेलं 'किश्का' हे सॉसेज त्यांच्या घरच्या जेवणातलं. बाकीच्या अमेरिकेनं मात्र ते कधी आपलं मानलं नाही.

गंमत म्हणजे, रक्तक्षयावरचं मोठं संशोधन याच देशात झालं. जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून, ते कुठल्या खाण्यानं लवकर भरून येतं हे तपासलं. त्यात यकृत वरचढ ठरलं. मग 1926 मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना यकृत खाऊ घातलं. 1934 चं नोबेल तिघांना मिळालं आणि यकृताला औषधाची प्रतिष्ठा आली. रक्ताच्या वाट्याला ती आली नाही.

खरं तर 100 मिलीलिटर रक्तात साधारण 30 ते 40 मिलिग्रॅम लोह असतं, तेही हीम स्वरूपातलं. शरीर ते पालकातल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषतं. उणीवही आहे: हिमोग्लोबिनमध्ये आयसोल्युसिन हे आवश्यक अमिनो आम्ल फारच कमी असतं. त्यामुळे सोबत धान्य-डाळ हवी. शिवाय रक्त लवकर नासतं, म्हणून ते स्वच्छ भांड्यात धरून लगेच नीट शिजवावं लागतं.

हे सगळं वाचताना मराठवाडा आठवायला हवा. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात महार आणि मांग समाजाच्या स्वयंपाकाची नोंद आहे. 'रक्ती' हा त्याच स्वयंपाकातला पदार्थ. ज्यांना चांगल्या मांसाचा वाटा नाकारला गेला, त्यांनी उरलेल्यातून चव आणि ताकद दोन्ही काढली. त्यांना नावं ठेवणाऱ्या देशात आज निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे.

म्हणून रक्तीला 'सुपरफूड' म्हणून मिरवायचं का? नको. लोहाचा आकडा दाखवून जातीचा इतिहास पुसता येत नाही. पण एवढं नक्की लक्षात ठेवा: 'हे काय खायचं असतं का?' हा प्रश्न पोषणशास्त्राचा नसतो. तो विचारणारा कोण आणि ज्याला विचारला तो कोण, यावर त्याचं उत्तर ठरत आलंय.