धातुमळीचे खत

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. शेतकरी बंधूंना ती समजावून सांगायला नको. त्यांचे खत उकिरड्यातूनच निघते. पण पोलादाच्या कारखान्याच्या उकिरड्यातूनही एकदा खत निघाले आणि त्याने परमुलखातली रोडावलेली कुरणे हिरवी केली. ती हकिकत आज ऐका.

लोखंड वितळवले की त्यातली घाण वर तरंगते आणि निवल्यावर दगडासारखी घट्ट होते. लोहार तिला कीट म्हणतो, पुस्तकात तिला धातुमळी म्हणतात. आपल्या वैद्यांनी जुन्या किटाचे मंडूर भस्म करून औषधात वापरले. पण कारखाने आले आणि किटाचे डोंगर उभे राहू लागले. एवढ्याचे भस्म कोण करणार?

१८५६ साली बेसेमर या इंग्रज गृहस्थाने वितळलेल्या लोखंडातून हवा फुंकून झटपट पोलाद करण्याची रीत काढली. तिच्यात एक खोट होती. खनिजात फॉस्फरस असला तर तो पोलादात तसाच राही आणि पोलाद ठिसूळ होई. युरोपातल्या पुष्कळ खाणींचे खनिज नेमके असेच होते.

हे कोडे सोडवले कोणी? तर लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाने! त्याचे नाव सिडनी गिलख्रिस्ट टॉमस. दिवसा दप्तर आणि रात्री बर्कबेक संस्थेत रसायनाचे वर्ग. जो कोणी हा फॉस्फरस काढील त्याचे दैव उघडेल, असे तिथले शिक्षक एकदा बोलून गेले. ते वाक्य या पोराच्या मनात रुतून बसले. त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समध्ये लोखंडाच्या कारखान्यात रसायनज्ञ होता. दोघांनी मिळून प्रयोग केले. भट्टीला वाळूच्या जातीचे अस्तर असे, त्याऐवजी त्यांनी चुन्याच्या जातीचे अस्तर दिले आणि आत चुनाही टाकला. चुन्याने फॉस्फरस धरून ठेवला व तो मळीत उतरला. १८७९ साली मिडल्सबरो येथे हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाला.

आता पाहा, मळीत काय आले? चुना आणि फॉस्फरस! हाडांच्या खतात मुख्यतः हेच असते. पोलादाला जे विष, तेच पिकाचे अन्न. जर्मनीत ही मळी पिठासारखी बारीक दळून शेतात घालू लागले. पुढे इंग्लंडात कॉकल पार्क येथील प्रयोगक्षेत्रात, चिकण मातीच्या हलक्या कुरणावर, सॉमरव्हिल यांनी १८९७ च्या सुमारास ती टाकून पाहिली. क्लोव्हर नावाचे द्विदल गवत फोफावले आणि त्यावर चरणाऱ्या मेंढ्यांचे वजन वाढले.

टॉमस मात्र १८८५ सालीच, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, छातीच्या दुखण्याने वारला. मिळालेला पैसा त्याने लोकोपयोगी कामांसाठी ठेवला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे खत आंबट, म्हणजे आम्लधर्मी जमिनीला मानवते. आपल्या देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीला त्याचा तेवढा उपयोग नाही. शिवाय सगळीच मळी सारखी नसते. १९५२ साली ऑस्ट्रियात लिंट्स येथे ऑक्सिजन फुंकण्याची नवी रीत सुरू झाली, कमी फॉस्फरसचे खनिज वापरात आले आणि टॉमसचे खत हळूहळू मागे पडले. आज झोतभट्टीची मळी सिमेंटमध्ये जाते; २०२२ साली सुरतेजवळ हजिऱ्याला पोलादाच्या मळीचा रस्ताही झाला. तेव्हा कारखान्याची राख किंवा मळी कोणी फुकट देतो म्हणून शेतात ओतू नका. तिच्यात काय आहे आणि आपल्या मातीला काय हवे, हे आधी तपासून घ्या.

आणि शिक्षक मित्रहो, रात्रीच्या वर्गातले तुमचे एखादे वाक्य कोणत्या पोराच्या मनात रुजेल, सांगता येत नाही.