धमनी बांधली तर यकृताचे काय होते?

यकृत शिकवताना आपण फळ्यावर त्याच्याकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या काढतो. आतड्यांकडून येणारी पोर्टल शीर सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आणते; उरलेले यकृत-धमनी आणते. पण धमनीच्या रक्तात ऑक्सिजन अधिक असल्याने यकृताला मिळणाऱ्या ऑक्सिजनचा जवळजवळ निम्मा वाटा तिचा असतो. मग ही धमनीच बंद केली तर?

१९०३ साली जर्मन शल्यविशारद हान्स केर यांनी फुगवटा आलेली यकृत-धमनी बांधली आणि रुग्ण जगला. १९०५ मध्ये हान्स फॉन हाबेरर यांनी कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. धमनीचा पुरवठा पुरता तोडला की त्यांचे यकृत मृत होई आणि कुत्री दगावत. खरे काय मानायचे? प्रश्न पुस्तकी नव्हता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत ही धमनी चुकून बांधली जाण्याचा धोका असे.

१९४९ साली मार्कोविट्झ, रॅपापोर्ट आणि स्कॉट यांनी धमनी बांधलेल्या कुत्र्यांना पेनिसिलिन दिले आणि यकृताचा नाश टळला. पेनिसिलिन काही ऑक्सिजन पुरवत नाही! मात्र कुत्र्याच्या यकृतात ऑक्सिजनविना वाढणारे जिवाणू एरवीही असतात. ऑक्सिजन घटताच ते फोफावतात. औषधाने त्यांना आवरले आणि यकृताला उसंत मिळाली.

या उसंतीत आजूबाजूच्या लहान धमन्या रुंदावून रक्त आणू लागतात. मायकेल्स यांनी २०० शवविच्छेदनांच्या आधारे १९६६ मध्ये अशा २६ आडवाटा नोंदवल्या. धमनी कोठे बांधली, यावर त्यांतल्या किती खुल्या राहतील हे ठरते.

१९५४ मध्ये ब्रीडिस आणि यंग यांनी दाखवले, की यकृतातील कर्काच्या गाठी मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसतात. म्हणून पुढे गाठीकडे जाणारी धमनी नळीवाटे मुद्दाम बंद करण्याचा उपचार आला. गाठ उपाशी राहते, यकृत पोर्टल शिरेवर तगते. पण ती शीरच गुठळीने बुजलेली असेल, किंवा यकृत आधीच जर्जर असेल, तर हाच उपचार यकृत निकामी करू शकतो. पित्तनलिका तर धमनीवरच अवलंबून असतात. प्रत्यारोपित यकृताच्या आडवाटा तोडलेल्या असल्याने तेथे धमनीत सुरुवातीलाच गुठळी झाली, तर कधी पुन्हा प्रत्यारोपण करावे लागते.

पुढच्या वेळी ती आकृती काढाल, तेव्हा विद्यार्थ्यांना विचारून पाहा : पेनिसिलिनने कुत्री का वाचली?