डोळा, भिंग आणि सत्ता : ‘अमृतमंथन’च्या निमित्ताने

‘अमृतमंथन’ (१९३४) या प्रभातच्या बोलपटावर ‘जर्मन प्रभाव’ आहे, असा निर्वाळा वारंवार दिला जातो. त्याचा आधार मुख्यतः चरित्रात्मक असतो. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीस गेले. त्याच वर्षी प्रभात कोल्हापूरहून पुण्यास आली आणि ‘अमृतमंथन’ पुण्यात तयार झाला. परंतु प्रवास ही घटना आहे आणि प्रभाव ही समीक्षेतील संकल्पना. पहिलीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय, ज्या वर्षी शांताराम तेथे गेले त्याच वर्षी नाझी दडपणाखाली बाउहाउस बंद पडले आणि छायासंयोजनकार जॉन हार्टफील्ड यांना प्राग गाठावे लागले. तेव्हा हा प्रभाव नेमका कोणत्या जर्मनीचा, हा प्रश्न टाळता येत नाही.

दोन महायुद्धांमधील जर्मन प्रायोगिक छायाचित्रणाने भिंगाला डोळ्याच्या दास्यातून मुक्त करू पाहिले. मोहोली-नागी यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात कॅमेऱ्याला मानवी दृष्टीची मर्यादा ओलांडणारे साधन मानले. वरून वा खालून घेतलेली तिरपी दृश्ये, कॅमेऱ्याविना केवळ प्रकाशाने उमटविलेल्या प्रतिमा आणि वस्तूच्या अगदी निकट जाणे या साऱ्यांमागे पाहण्याची सवय मोडण्याचा हेतू होता. ब्लॉसफेल्ड यांच्या १९२८ च्या संग्रहात वनस्पतीचा कोंब विवर्धनामुळे लोहशिल्पासारखा भासतो. मात्र अशा छायाचित्रणाला कोणतीही वस्तू सुंदर करता येते, पण ती ज्या मानवी संबंधांत गुंतलेली असते ते पकडता येत नाहीत, असा आक्षेप वाल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये घेतला.

या आक्षेपाच्या उजेडात राजगुरूच्या डोळ्याचे गाजलेले समीपदृश्य पाहणे उद्बोधक ठरते. मराठी आवृत्तीत ही भूमिका केशवराव दाते यांची, हिंदीत चंद्रमोहन यांची. टेलिफोटो भिंगामुळे चेहरा लोपतो व डोळा पडदा व्यापतो. तंत्र नवदृष्टीचे आहे. कार्य मात्र निराळे. ब्लॉसफेल्डचा कोंब संदर्भातून सुटून शुद्ध आकार होतो. राजगुरूचा डोळा आकार होत नाही, कारण बळीची प्रथा बंद करणाऱ्या क्रांतिवर्मा राजाच्या हत्येचा कट त्याला अर्थ पुरवितो. ज्या प्रेक्षकाला देवाच्या डोळ्यांत दर्शन घेण्याची सवय, त्याच्यासमोर येथे देवीच्या नावे सत्ता गाजविणाऱ्याची नजर ठाकते. अखेरीस हा राजगुरू स्वतःचाच बळी देतो.

मानवी संबंध न सुटल्याने बेन्यामिन यांच्या आक्षेपातून हे दृश्य वाचते. परंतु त्याची किंमतही मोजते. कथेच्या आज्ञेबाहेर भिंगाला काही पाहता येत नाही. म्हणून येथे प्रभावाऐवजी कार्यांतर म्हणणे अधिक युक्त : साधन तेच, परंतु त्याला नेमून दिलेले काम येथल्या समाजाचे.