सिमला बीटच्या तबकड्या

जबलपूरच्या महाराजपूरमधून बोलतोय. माझी नोकरी फौजेत, सिग्नल्समध्ये झाली. आवाजात खरखर आली की आम्ही तो बिघाड समजायचो. रॉकवाल्यांनी त्याच बिघाडाचा सूर केला. अँप्लिफायरला झेपेल त्याहून जास्त जोर दिला की गिटारचा आवाज फाटतो. पुढे त्यासाठी 'फझ' नावाची पायाने दाबायची डबीच निघाली.

आपल्याकडेही हे वाजत होतं, याचा पुरावा म्हणजे सिमला बीट. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी देशभरातल्या बँडची स्पर्धा भरायची. तिच्यातल्या बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. त्यांत शिलाँगचे फेंटोन्स होते, कलकत्त्याचे ग्रेट बेअर होते. परदेशी गिटार मिळणं मुश्कील, मिळाली तर परवडणं मुश्कील. तरी पोरं वाजवत होती.

'विलायतेची नक्कल' म्हणून लोक त्यांना मोडीत काढतात. मला ते पटत नाही. पेटीही युरोपातूनच आली, आज तिच्याशिवाय आपलं भजन उभं राहत नाही.

थोरल्या भावाने आणलेली ७१ची तबकडी मी बदलीवर असताना घरच्यांनी रद्दीत घातली. पुढे याच तबकड्या परदेशातल्या शौकिनांनी शोधून शोधून जमवल्या, तिकडे त्या नव्याने छापल्याही गेल्या. आपला इतिहास आपणच किलोच्या भावाने विकला.

तेव्हा मंडळी, रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा माळ्यावर चढून बघा.

जय हिंद.