खडकीचा खडक आणि पाण्यांतले धातु

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानें इ. स. १६१० मध्यें खडकी येथें राजधानी वसविली. गांवाचें नांवच तेथील भूमीचा परिचय करून देतें. पुढें तेंच औरंगाबाद झालें व २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर. नांवें पालटलीं, खडक मात्र तोच राहिला. अंबरानें डोंगराकडून जमिनीखालून नहर आणून शहरास पाणी पुरविलें. काळ्या कातळाच्या भेगांतून पाझरलेल्या या पाण्याबरोबर कातळांतले धातुहि पोटांत जात असतील काय?

सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि थिजून दख्खनचा कातळ बनला. वेरूळचीं लेणीं त्यांतच कोरलेलीं आहेत. या कातळांत लोखंड विपुल आहे. शिवाय तांबें, निकेल, क्रोमियम, जस्त हेहि अल्प प्रमाणांत आहेत. त्याच्या दहा लाख भागांत तांब्याचे शंभराहून अधिक भाग सांपडणें नवल नव्हे. ग्रॅनाइटांत ते बहुधा दहा-वीसच असतात. ऊन, पाऊस व मुळें यांच्या योगानें हा खडक झिजून काळी माती झाली व धातु तिच्यांत उतरले.

परंतु मातींत असणें निराळें आणि पाण्यांत उतरणें निराळें. काळी माती चिकण, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी. ती धातूंना घट्ट धरून ठेवते. म्हणून पाण्याच्या वाट्यास त्यांचा फारच थोडा अंश येतो. वनस्पतींचीहि तीच गत. मोसंबीच्या बागेंत पानें पिवळीं पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तें लोखंडाच्या उपासमारीचें लक्षण. आणि ही उपासमार लोखंडानें भरलेल्या भूमींत! जस्तासाठीं शेतकऱ्यास झिंक सल्फेट विकत आणावें लागतें. कोठार भरलेलें आहे, पण किल्ली चुन्याच्या हातीं आहे.

याच्या उलट प्रकार बंगालचा. हिमालयाकडून नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळांत सोमल थोडाच असतो व तोहि लोहाच्या गंजास चिकटलेला. पण जमिनीच्या पोटांत कुजका पाला प्राणवायु संपवितो, गंज विरघळतो आणि सोमल मोकळा होतो. रोगजंतूंपासून सुटका व्हावी म्हणून ज्या कूपनलिका खणल्या, त्यांतूनच तो घरोघर पोंचला. १९८३ सालीं कलकत्त्याच्या डॉ. के. सी. साहा यांनीं पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या कातडीवरील डागांचा संबंध या पाण्याशीं जोडून दाखविला. खडकांत धातु किती, यापेक्षां तो कोणत्या परिस्थितींत सुटतो, हाच खरा प्रश्न आहे.

हा भेद आज आपणांसहि उपयोगी आहे. चिकलठाणा व वाळूज येथें कारखाने वसले. अशा ठिकाणीं नाल्याच्या गाळांत धातु आढळला कीं, कोणी कारखान्याकडे बोट दाखवितो, कोणी खडकाकडे. न्याय करावयाचा तर आधीं खडकाची साक्ष घेतली पाहिजे. तांबें व निकेल यांचा कांहीं भाग तो आपल्या माथीं घेईल. पण शिसें त्याच्या दहा लाख भागांत थोडकेंच, आणि कॅडमियम तर नाममात्र. तेव्हां शिसें बेसुमार आढळल्यास तें खडकाच्या माथीं मारतां येणार नाहीं. त्याचा माग माणसाच्या व्यवहारांतच, म्हणजे बॅटऱ्यांत, रंगांत किंवा २००० सालापर्यंत विकल्या गेलेल्या शिसेयुक्त पेट्रोलांत काढला पाहिजे.

म्हणून गाळ तपासणाऱ्यानें डोंगरावरील हात न लागलेल्या मातीची आणि तिच्याखालच्या कातळाचीहि चिमूट तपासावयास न्यावी. त्या तुलनेवांचून निर्दोष खडक दोषी ठरेल, किंवा दोषी माणूस खडकाआड लपेल.