खेळीनिहाय लढत (व्हिडिओ गेम)

खेळीनिहाय लढत ही भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील लढाईची एक पद्धत आहे. या पद्धतीत खेळाडू व प्रतिस्पर्धी बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने खेळी करतात. हल्ला, बचाव, मंत्र किंवा औषध यांपैकी पर्याय निवडण्यास सहसा वेळेचे बंधन नसते. त्यामुळे हाताच्या चपळाईपेक्षा नियोजनाला अधिक महत्त्व येते. आजच्या बाजारपेठेत ही पद्धत व्यावसायिकदृष्ट्या टिकून आहे का, हा खेळनिर्मितीच्या क्षेत्रातील वादाचा विषय आहे.

इतिहास

जपानमधील ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) व फायनल फँटसी (१९८७) या खेळांनी ही पद्धत लोकप्रिय केली. १९९६ साली सुरू झालेल्या पोकेमॉन मालिकेने ती जगभर नेली. संगणकांची क्षमता वाढल्यावर मोठ्या कंपन्या सलग चालणाऱ्या लढतीकडे वळल्या. फायनल फँटसी १५ (२०१६) व फायनल फँटसी १६ (२०२३) हे खेळ त्याची उदाहरणे होत. आज्ञा निवडून लढण्याचे आकर्षण तरुण खेळाडूंमध्ये घटत आहे, असे मत फायनल फँटसी १६चे निर्माते नाओकी योशिदा यांनी मांडले होते.

व्यावसायिक स्थिती

काही मालिकांनी याच्या उलट मार्ग स्वीकारला. याकुझा मालिकेने २०२० साली हाणामारीची जुनी पद्धत सोडून खेळीनिहाय लढत आणली. बाल्डर्स गेटच्या पहिल्या दोन भागांत लढत सलग चाले व खेळाडूला ती थांबवता येई; बाल्डर्स गेट ३ (२०२३) मात्र पूर्णपणे खेळीनिहाय आहे. या खेळाला द गेम अवॉर्ड्समध्ये २०२३ चा सर्वोत्तम खेळ म्हणून गौरवण्यात आले. फ्रान्समधील सँडफॉल इंटरॅक्टिव्ह या छोट्या संस्थेच्या क्लेअर ऑब्स्क्युर: एक्सपेडिशन ३३ (२०२५) या खेळाच्या ३३ दिवसांत ३३ लाख प्रती विकल्या गेल्या. त्यात शत्रूची खेळी चालू असताना योग्य क्षणी कळ दाबून वार चुकवता येतो.

या उदाहरणांवरून पद्धत कालबाह्य झाल्याचे म्हणता येत नाही. मात्र अतिशय मोठ्या खर्चाच्या खेळाला तो वसूल करण्यासाठी अधिक व्यापक ग्राहकवर्ग लागतो. मध्यम खर्चाच्या खेळाला निष्ठावान पण मर्यादित ग्राहकवर्गही पुरू शकतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी: अॅन एन्शंट एपिक (२०२०) हा भारतीय पुराकथांवर आधारित खेळ सलग लढतीचा आहे. त्यासाठी २०१७ मध्ये केलेले लोकवर्गणीचे आवाहन अपेक्षित रकमेपर्यंत पोहोचले नव्हते. लहान संस्थांसाठी भांडवल हाच मुख्य अडसर असल्याचे यातून दिसते. खेळीनिहाय पद्धतीत क्षणाक्षणाच्या प्रतिसादाची गरज कमी असते. त्यामुळे साधे मोबाइल संच किंवा संथ इंटरनेट वापरणाऱ्या खेळाडूंसाठी ती सोयीची ठरते.